पितळी जेटची बखर

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आठवतात, तह आठवतात, सनावळ्या आठवतात. आज मी हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या एका पितळी तुकड्याचा इतिहास सांगणार आहे. या तुकड्याला बाहेरून आटे असतात, अंगावर एक आकडा कोरलेला असतो आणि मधोमध गोधडीची सुई जेमतेम शिरेल एवढं आरपार छिद्र असतं. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये तो बसतो. गॅरेजमध्ये त्याला जेट म्हणतात.

चिखलातून, दगडधोंड्यांतून उड्या मारत धावणाऱ्या मोटारसायकलींना डर्ट बाइक म्हणतात. १९६० आणि १९७०च्या दशकांतल्या अशा गाड्या अडगळीतून बाहेर काढून पुन्हा चालू करणारी मंडळी आज जगभर आहेत. या खटाटोपात अनेकदा सगळ्यांत आधी काम अडतं ते या जेटपाशी. चाकं मिळतात, वाकलेलं हँडल सरळ करता येतं, रंग तर कुठलाही लावता येतो. पण टाकीतलं पेट्रोल मापानं इंजिनापर्यंत पोचवणारी जी लहानसहान साखळी आहे, म्हणजे टाकी, कॉक, नळी, फ्लोट, सुई आणि जेट, ती जुळवताना भले भले रडकुंडीला येतात.

आता तुम्ही म्हणाल, हा कविता लिहिणारा, मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. याचा कार्बोरेटरशी काय संबंध? संबंध गल्लीचा आहे. मी मिरजेचा. आमचं गाव सतारीचं गाव म्हणून ओळखलं जातं. सतारमेकरांच्या दुकानात बसून जवारी काढताना मी लहानपणापासून पाहिलं आहे. घोडीवर कानस एक हात जास्त फिरली तर तारेचा आवाज मरतो, कमी फिरली तर खुलत नाही. त्याच रस्त्यानं पुढं गेलं की गॅरेजं लागतात. तिथले मिस्त्री कार्बोरेटरमधली सुई एक खाच वर, एक खाच खाली करत इंजिनाचा आवाज ऐकत असतात. कान देऊन काम करणारी ही दोन्ही माणसं मला एकाच घराण्यातली वाटत आली. त्या कुतूहलापोटी मी या विषयात शिरलो.

कार्बोरेटरचं काम सांगायला सोपं आहे. पेट्रोल हवेत नीट मिसळलं तरच सिलिंडरमधली ठिणगी त्याला हवं तसं पेटवते. वजनानं एक भाग पेट्रोलला साधारण १४ ते १५ भाग हवा लागते. अगदी सुरुवातीच्या इंजिनांत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नुसती फिरवत, नाहीतर दिव्यासारखी वात लावून पेट्रोल वर ओढून घेत. १८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडवणारे कार्बोरेटर पुढं आणले. हंगेरीत अशी आख्यायिका सांगतात की, फुलांवर पाण्याचा फवारा मारणारी एक फूलवाली पाहून या जोडीला ही कल्पना सुचली. खरं-खोटं कोण जाणे! पण जेटचा जन्म फुलांच्या पाटीशेजारी झाला ही गोष्ट माझ्यासारख्याला सोडवत नाही.

मातीतल्या शर्यतीचा उगम इंग्लंडमधला. १९२४ साली सरे परगण्यातल्या कॅम्बर्ली इथं माळरानावर एक शर्यत झाली. तिला 'स्क्रॅम्बल' म्हटलं गेलं आणि तेच नाव या खेळाला चिकटलं. पुढं फ्रेंचांनी त्याला मोटोक्रॉस म्हटलं. १९५२ साली ५०० सीसी गाड्यांचं युरोपीय अजिंक्यपद सुरू झालं, १९५७ साली त्याचं जागतिक अजिंक्यपद झालं आणि १९६२ साली २५० सीसी गटालाही तो मान मिळाला.

या खेळानं कार्बोरेटरची परीक्षाच पाहिली. गुळगुळीत रस्त्यावर कार्बोरेटरमधलं पेट्रोल वाटीतल्या पाण्यासारखं शांत असतं. मातीत तसं नाही. चढावर पेट्रोल मागं सरकतं, वळणावर बाजूला जातं, उडी मारून गाडी आदळली की फ्लोट उसळतो आणि पेट्रोल सांडतं. हा फ्लोट म्हणजे तरंगणारा पोकळ डबा. पेट्रोल ठरावीक पातळीला आलं की तो वर उचलला जातो आणि सुईनं वाट बंद करतो. आपल्या घरावरच्या पाण्याच्या टाकीतला चेंडू हेच काम करतो.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमची 'अमल' ही कंपनी या धंद्यातली मोठी. अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन घरांच्या एकत्र येण्यातून १९२७ साली ती उभी राहिली. तिच्या जुन्या कार्बोरेटरांत फ्लोटचा डबा जेटच्या एका बाजूला असायचा. गाडी कलली की डब्यातलं पेट्रोल जेटपासून दूर जायचं. १९६७ साली अमलनं 'कॉन्सेंट्रिक' नावाचा कार्बोरेटर आणला. त्यात पेट्रोलची वाटी थेट जेटच्या भोवती आली. केंद्र एकच, म्हणून नाव कॉन्सेंट्रिक. गाडी कुठंही कलली तरी जेट पेट्रोलात बुडालेलाच. एका नावात केवढं शहाणपण आहे पाहा!

तोवर मैदानात दुसरीच मंडळी शिरली होती. चेकोस्लोव्हाकियातल्या स्ट्राकोनिचे या गावात सीझेड नावाचा कारखाना होता. १९६४ आणि १९६५ साली जेफ स्मिथ या इंग्रज स्वारानं बीएसएच्या फोर स्ट्रोक गाडीवर ५०० सीसीचं अजिंक्यपद मिळवलं खरं, पण त्याच १९६४ साली २५० सीसीचं अजिंक्यपद बेल्जियमच्या जोएल रोबेरनं सीझेडच्या टू स्ट्रोक गाडीवर पटकावलं. १९६५ साली ते रशियाच्या व्हिक्टर आर्बेकोव्हकडं गेलं. १९६६ ते १९६८ अशी सलग तीन वर्षं ५०० सीसीचं अजिंक्यपद पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीड्रिक्सनं मिळवलं. १९६८ आणि १९६९ साली २५० सीसीत पुन्हा रोबेर. सहा वर्षांत सात अजिंक्यपदं, सगळी सीझेडवर.

या गाड्यांवर जिकोव्ह हा चेक बनावटीचा कार्बोरेटर असे. विजेत्यांची नावं पुस्तकांत छापली गेली. रविवारी सकाळी मैदानावरची हवा हुंगून मोठा जेट लावायचा की लहान, हे ठरवणाऱ्या हातांची नावं मात्र कुठं राहिली नाहीत. आणि टू स्ट्रोक गाडीत हा निर्णय जिवावरचा असतो. या इंजिनात वंगणाचं ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं असतं. जेट लहान पडला किंवा कचरा अडकला, तर पेट्रोल कमी होतं आणि त्याबरोबर ऑइलही कमी होतं. इंजिन तापतं, पिस्टन सिलिंडरला चिकटतो आणि भरधाव गाडीचं मागचं चाक जागीच जाम होतं. पुढं स्वाराचं काय होत असेल, याची कल्पना करा.

अमेरिकेला या युरोपीय खेळाची गोडी लागली ती १९६६ नंतर. एडिसन डाय या आयातदारानं हुस्कवार्ना या स्वीडिश गाडीचा जगज्जेता टॉर्स्टन हॉलमन याला त्या वर्षी अमेरिकेत आणून प्रात्यक्षिकं दाखवली. १९७१ साली 'ऑन एनी संडे' हा माहितीपट आला. स्टीव्ह मॅक्वीनसारखा नट त्यात हुस्कवार्नावर दिसला आणि घरोघरची पोरं वेडी झाली. स्वीडनच्या, स्पेनच्या, जर्मनीच्या, चेकोस्लोव्हाकियाच्या गाड्या तिकडं मोठ्या संख्येनं गेल्या. म्हणून आज या युरोपीय गाड्यांचे सुटे भाग शोधणारा माणूस अनेकदा अमेरिकेतल्या एखाद्या शेतघराच्या गोदामापर्यंत जाऊन पोचतो.

जपान हे सगळं शांतपणे बघत होता. मिकुनी या जपानी कंपनीनं १९६० साली अमलशी तांत्रिक करार केला आणि इंग्रजी धर्तीचे कार्बोरेटर बनवायला घेतले. विद्या इंग्लंडकडून घेतली, पण घडण अधिक काटेकोर ठेवली. १९६८ साली आलेल्या यामाहाच्या डीटी-१ या गाडीवर २६ मिलिमीटरचा मिकुनी होता. ही गाडी रस्त्यावरही चालायची आणि रानातही, आणि सामान्य माणसाला झेपायची. १९७० साली सुझुकीनं जोएल रोबेरलाच आपल्याकडं घेतलं आणि २५० सीसीचं अजिंक्यपद जपानला गेलं. १९७३ साली होंडाची सीआर-२५० एल्सिनोर आली, तिच्यावर केहिन कंपनीचा कार्बोरेटर होता. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बीएसए, स्पेनची बुल्टाको, जर्मनीची मायको ही घरं एकेक करून बसली. सीझेडच्या मोटारसायकली १९९०च्या दशकात थांबल्या. गाड्या उरल्या, पण त्यांना भाग पुरवणारं माहेर उरलं नाही.

या कहाणीचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. सीझेड आणि जावा ही चेकोस्लोव्हाकियातली भावंडं. जावाच्या गाड्या मुंबईचे इराणी आयात करत. आयात अवघड झाल्यावर १९६१ साली म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. १९७३ पासून तिथल्या गाडीला येझ्दी हे नाव मिळालं. जिकोव्ह कार्बोरेटर त्या जावांबरोबरच आपल्याकडं आला. माझ्या पिढीनं तो उघडा पडलेला पाहिला आहे, पेट्रोलनं भरलेल्या जर्मनच्या ताटलीत. सांगली-कोल्हापूरकडं मैदानात मातीचे उंचवटे करून शर्यती व्हायच्या, तेव्हा खास शर्यतीची परदेशी गाडी कुणाला परवडणार? मुलं येझ्दीचे, राजदूतचे दिवे आणि मडगार्ड काढायची, सायलेन्सर बदलायची, जेट मोठा करायची आणि उतरायची मैदानात. तीच आमची डर्ट बाइक.

म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. जावा हे नाव २०१८ साली आणि येझ्दी २०२२ साली पुन्हा बाजारात आलं, पण नव्या गाडीत कार्बोरेटर नाही. १ एप्रिल २०२०पासून देशात भारत स्टेज-६चे नियम लागू झाले आणि बहुतेक दुचाकींवर इंजेक्शनची यंत्रणा आली. संगणक पेट्रोल मोजू लागला. त्यामुळं धूर कमी झाला, हवेचं भलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण गॅरेजमध्ये नव्यानं आलेला पोरगा आता स्कॅनर लावायला शिकतो. सुईची खाच कुठं ठेवायची हे त्याला शिकवायची वेळ येतच नाही.

मग जुने भाग मिळतात कुठं? इंग्लंडमध्ये ब्यूली इथं १९६७पासून जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो. 'ऑटोजंबल' हा शब्द तिथलाच. आपल्याकडं पुण्याचा जुना बाजार आहे, मुंबईचा चोर बाजार आहे, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मलिक बाजार आहे. अमलच्या बाबतीत नशीब थोर. २००३ साली बर्लेन या सॉल्झबरीच्या कंपनीनं ते नाव आणि काम विकत घेतलं, आणि अमलचे कार्बोरेटर व भाग तिथं नव्यानं बनतात. जिकोव्हसारख्यांना मात्र बरंचसं ढिगाऱ्यातच शोधावं लागतं.

ढिगाऱ्यात हात घालण्याआधी आकड्यांची भाषा समजली पाहिजे. जिकोव्हच्या अंगावर २९२४ लिहिलं असेल, तर शेवटचे दोन आकडे म्हणजे वाटेचा व्यास, २४ मिलिमीटर. २९२६ असेल तर २६. जेटची गोष्ट आणखी गमतीची आहे. जर्मन बिंग कार्बोरेटरच्या जेटवर २०० लिहिलं असेल, तर छिद्र मिलिमीटरच्या दोनशे शतांशाचं, म्हणजे २ मिलिमीटर. अमलच्या जेटवर २०० असेल, तर ठरावीक दाबाखाली त्यातून मिनिटाला २०० घनसेंटीमीटर पेट्रोल वाहतं. त्याचं छिद्र बिंगपेक्षा पुष्कळ लहान असतं. आकडा एकच, अर्थ वेगळे. आपल्याकडं कोस म्हटला की विचारावं लागायचं ना, कुठल्या मुलखातला कोस? तसंच हे.

भाग मिळाला तरी तो सहसा थकलेला असतो. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि मागं गुळासारखा चिकट थर राहतो. तो जेटमध्ये बसला की घाईनं कुणी क्लचच्या तारेचा धागा आत खुपसतो. पितळ मऊ, तार पोलादी. छिद्र मोकळं होतं, पण मोठंही होतं. जाणकार मिस्त्री जेट रात्रभर द्रावणात भिजवतो, हवेच्या दाबानं फुंकतो, आणि लागलंच तर नायलॉनचा केस वापरतो.

पितळी फ्लोटला भेग गेली असेल तर तो गरम पाण्यात बुडवायचा. आतली हवा फुगते आणि बुडबुडे निघतात, तिथं भेग. आतलं पेट्रोल आणि त्याची वाफ पूर्ण काढल्याशिवाय सोल्डरला हात लावायचा नाही, नाहीतर भडका ठरलेला. डागही अगदी हलका द्यायचा, कारण फ्लोट जड झाला की पेट्रोलची पातळी चढते.

अमलचं दुखणं निराळं. त्याची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची आणि आत वर-खाली होणारी स्लाइडही तशाच धातूची. एकाच धातूचे दोन भाग एकमेकांवर घासून दोघंही झिजतात. फटीतून हवा शिरते आणि गाडी कितीही जुळवली तरी आयडलला स्थिर राहत नाही. मग बॉडी लेथवर किंचित मोठी करून स्लाइडला पितळी किंवा स्टीलचं अस्तर बसवतात. बोल्ट आवळून आवळून त्याची कड वाकलेली असेल, तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून आठाच्या आकड्यात घासायची. पेट्रोल कॉकमधलं बूच सुकून आक्रसलेलं असेल तर ते काढून पेट्रोल-रोधक रबर घालायचं. यातलं कुठलंही काम कंपनीच्या कागदावर होत नाही. ते हातावर होतं.

इथं मला आमच्या ओळखीतल्या एका तरुणाची हकिगत सांगायची आहे. त्याचे वडील १९८०च्या दशकात मातीतल्या शर्यती खेळायचे. वडील गेल्यावर त्यानं त्यांची येझ्दी बाहेर काढली. मोठ्या हौसेनं जपानी धर्तीचा नवा कार्बोरेटर बसवला. गाडी फुरफुरायची, पण जोर धरला की तापायची. दोनदा पिस्टन चिकटला. तो आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडं आला. त्यांनी गाडीकडं पाहिलंच नाही. विचारलं, "बेटा, वडिलांचा जुना कार्बोरेटर कुठाय?"

"चाचा, नवा घातलाय की. जुना कशाला पाहिजे?"

"नव्याला विचारून काय कळणार? तुझे वडील काय करत होते ते जुन्यालाच ठाऊक."

भंगारवाल्यासाठी बांधून ठेवलेल्या पोत्यात तो सापडला. स्लाइड पार झिजलेली, परत वापरण्याजोगं काही नाही. मिस्त्रींनी जेट काढला. त्यावर आकडा ९५. मग त्यांनी बारीक ड्रिलच्या दांड्या एकेक करून छिद्रात घालून पाहिल्या. ०.९५ची ढिली, १ मिलिमीटरची ढिली, १.०५ची घट्ट. वडिलांनी छिद्र स्वतः वाढवलं होतं. सुई पाहिली. तिच्यावर पाच खाचा, पण एकच खाच घासून चकाकत होती. क्लिप वर्षानुवर्षं तिथंच असायची. मिस्त्रींनी एवढं कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून घेतलं, त्या अंदाजानं नव्या कार्बोरेटरचा जेट आणि सुई बदलली, प्लगचा रंग पाहून पुन्हा एकदा बदलली. गाडी ठणठणीत झाली. तो पोरगा मात्र बराच वेळ ती सुई हातात धरून बसला होता. वडिलांनी त्याच्यासाठी हातानं लिहिलेलं एक पत्रही मागं नव्हतं. होती ती एवढीच खूण.

या प्रसंगानं मला इतिहासाबद्दल जे शिकवलं ते सांगण्यासाठीच आजचं हे बोलणं. छापील आकडा ९५ सांगत होता. कंपनीचं माहितीपुस्तकही तेवढंच सांगू शकलं असतं, आणि शिक्का वाचून नवा ९५ घातला असता तर पिस्टन तिसऱ्यांदा चिकटला असता. त्या गाडीचं खरं माप फक्त त्या झिजलेल्या, निरुपयोगी ठरवलेल्या तुकड्यात होतं. जुन्या शर्यतीच्या गाड्यांचं जगभर असंच आहे. स्ट्राकोनिचेहून निघालेली गाडी कारखान्यातून जशी निघाली तशी मैदानात उतरतच नसे. कुणी जेट वाढवला, कुणी सुई घासली, कुणी स्लाइडचा काप बदलला. हे फेरफार सहसा कुठल्या नोंदवहीत जात नसत. त्यांचा दस्तऐवज एकच, तो भाग.

आणि हे दस्तऐवज सध्या वेगानं नाहीसे होत आहेत. त्याला दोन कारणं आहेत. पहिलं आपल्या उसाच्या पट्ट्याशी जोडलेलं आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला २००३ साली महाराष्ट्रासह नऊ राज्यांत सुरुवात झाली, तेव्हा प्रमाण ५ टक्के होतं. २०२२ साली ते १० टक्क्यांवर पोचलं आणि २०२५ साली २० टक्क्यांवर. उसाला दुसरं गिऱ्हाईक मिळालं, परदेशी तेलाचा खर्च वाचला, हे माझ्या शेतकरी मित्रांना मी कशाला सांगू? पण जुना कार्बोरेटर या पेट्रोलासाठी घडलेलाच नव्हता. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतो. पावसाळाभर गाडी उभी राहिली की वाटीत पाणी साठतं आणि जस्ताच्या बॉडीवर पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते. जुनं रबर फुगतं. बुल्टाकोसारख्या गाड्यांच्या फायबरच्या टाक्यांतलं राळ मऊ पडतं आणि विरघळून जेटपर्यंत येतं. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळं त्याच जेटमधून येणारं मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. उपाय आहेत. रबरी भाग इथेनॉल सोसणारे घालावेत, गाडी उभी करण्याआधी टाकी आणि वाटी रिकामी करावी, जेट थोडा मोठा घ्यावा. ब्रिटननं २०२१ साली नेहमीचं पेट्रोल १० टक्क्यांवर नेलं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचं पेट्रोलही काही काळ ठेवलं. आपल्याकडं म्हाताऱ्या यंत्रांचा असा विचार फारसा कानावर येत नाही.

दुसरं कारण आपली घाई. जिकोव्ह किंवा अमल काढून मिकुनी बसवणं हा जगभरचा रिवाज आहे. मी त्याच्या विरोधात नाही. गाडी चालली पाहिजे, स्वार सुखरूप घरी आला पाहिजे, त्यापुढं अस्सलपणाचा हट्ट कशाला? गळक्या कॉकमुळं पेट घेतलेली गाडी अस्सल राहून काय उपयोग? शिवाय मिकुनीत अमलचंच रक्त आहे, तोही त्या इतिहासाचा वारस आहे. माझं म्हणणं एवढंच की काढलेला भाग भंगारात देऊ नका. जस्ताचे त्याचे फार तर काही रुपये येतील. भट्टीत तो वितळला की त्याच्याबरोबर एक माप वितळतं. ते माप कुणीतरी दहा-पंधरा वर्षं मातीत पडून, धडपडून मिळवलेलं असतं.

हे फक्त डर्ट बाइकवाल्यांसाठी नाही. तुमच्या अंगणात आजोबांची राजदूत असेल, वडिलांची आरएक्स-१०० असेल, चेतक असेल. कुठलाही भाग बदलला की जुना भाग मिस्त्रींकडून मागून घ्या. तो पुसून औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवा. एका चिठ्ठीवर गाडीचं नाव, तारीख, जेटचा आकडा आणि सुईची खाच लिहा. मिस्त्री म्हातारे असतील तर हे माप का ठेवलं तेही विचारा आणि लिहून घ्या. ते सांगतील. इतक्या वर्षांत त्यांना तसं कुणी विचारलेलं नसतं, म्हणून आधी जरा संकोचतील. मग चहा मागवतील आणि अगदी पहिल्या गाडीपासून सुरुवात करतील. तेव्हा तेवढा वेळ हाताशी ठेवून जा.